पुकारा होण्याआधी

समन्सचा कागद दारात येतो तेव्हा घरातली कर्ती माणसं बहुधा शेतात असतात. हवालदार कागदाच्या दोन प्रती काढतो, एक हातात देतो आणि दुसरीच्या पाठीमागे सही नाहीतर अंगठा मागतो. पहिली चूक इथंच होते. ‘मालक घरी नाहीत, आम्ही काही घेत नाही’ असं सांगून दार लोटून घेतलं जातं. दार लावल्यानं खटला थांबत नाही, समन्स दारावर चिकटवूनही बजावता येतं. शिवाय माणूस सापडत नसेल तर ते घरातल्या सज्ञान व्यक्तीकडे देता येतं. जुन्या कायद्यात ही व्यक्ती पुरुषच असावी असं होतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनं ती अट काढली, त्यामुळे आता सुनेच्या किंवा आईच्या हाती दिलेलं समन्सही बजावलं गेलं असंच धरतात. सही केली म्हणजे गुन्हा कबूल केला असं नाही. कागद मिळाला, एवढाच तिचा अर्थ.

तेव्हा कागद घ्या आणि संध्याकाळी घरात जो नीट वाचतो त्याच्याकडून तो दोनदा वाचून घ्या. पहिल्यांदा पाहायचं ते तुम्हाला आरोपी म्हणून बोलावलंय की साक्षीदार म्हणून. हसू नका. साक्षीदाराचं समन्स हातात धरून अटकपूर्व जामिनासाठी वकिलाकडे धावत आलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि आरोपीचं समन्स ‘साक्षीचं असेल’ म्हणून फळीवर ठेवून विसरलेलीही. मग पाहायचं न्यायालयाचं नाव. आपल्या परभणी जिल्ह्यात तालुके नऊ, तेव्हा बोलावणं कुठल्या तालुक्याच्या आणि कुठल्या न्यायालयाचं ते नीट बघा. मारामारी, छोटी चोरी, चेक न वटणं, दारूबंदीची केस अशी बहुतेक प्रकरणं प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे चालतात. या न्यायाधीशांना तीन वर्षांपर्यंतच्या कैदेची शिक्षा देता येते. खून, खुनाचा प्रयत्न, बलात्कार असले खटले सत्र न्यायालयात जातात, ॲट्रॉसिटीचे आणि पोक्सोचे विशेष न्यायालयात. कागदावर ‘कार्यकारी दंडाधिकारी’ असं असेल तर ते कोर्ट नव्हे, तहसील कार्यालय. शांतता राखण्याच्या बाँडसाठीची ती कारवाई, जिला सगळे चॅप्टर केस म्हणतात. दोन भावांचा बांधावरून वाद झाला की ही हमखास लागते. तिथंही जावंच लागतं, पण ती तयारी वेगळी.

नंतर केस नंबर. आरसीसी म्हणजे नियमित फौजदारी खटला, एससीसी म्हणजे संक्षिप्त. तो नंबर आणि वर्ष मोबाईलमध्ये लिहून ठेवा. कलमांच्या आकड्यांनी गोंधळू नका. चारशे वीस आणि चारशे अठ्ठ्याण्णव अ ही कलमं पारावर बसणाऱ्यांनाही तोंडपाठ होती. आता चारशे वीसचं तीनशे अठरा झालंय आणि चारशे अठ्ठ्याण्णव अ चं पंच्याऐंशी. गुन्हा १ जुलै २०२४ च्या आधी घडलेला असेल तर जुनीच भारतीय दंड संहिता लागते, नंतरचा असेल तर भारतीय न्याय संहिता. दोन्ही आकडे अजून बरीच वर्षं शेजारी शेजारी चालणार आहेत.

कागद हरवला, भिजला, उंदरानं कुरतडला तरी घाबरायचं कारण नाही. ई-कोर्ट्स सर्व्हिसेस या सरकारी ॲपवर नावानं, केस नंबरनं किंवा पोलीस ठाणं आणि गुन्हा नंबर टाकून केस सापडते. प्रत्येक केसला सोळा अक्षर-आकड्यांचा एक सीएनआर नंबर असतो. तो एकदा मिळाला की पुढची तारीख घरबसल्या कळते. मात्र ॲपवर तारीख दिसत नाही म्हणून कोर्टात न जाणं चूक. खात्री न्यायालयातल्या बोर्डावर किंवा वकिलाकडूनच करायची. आणि व्हॉट्सॲपच्या व्हिडिओ कॉलवर कुणी वर्दी घालून ‘तुम्हाला डिजिटल अरेस्ट केलंय, दंड भरा’ म्हणत असेल तर फोन ठेवून १९३० ला कळवा. अशी अटक कुठल्याच कायद्यात नाही.

आता वकील. तारखेच्या दिवशी सकाळी न्यायालयाच्या फाटकात जो काळा कोट पहिल्यांदा दिसेल त्याच्या हाती कागद देणं ही आपल्याकडची जुनी रीत. त्या वकिलाचा त्यात दोष नसतो, पण वीस मिनिटांत कुणीही तुमची केस समजून घेऊ शकत नाही. निदान आठवडाभर आधी भेटा. जाताना समन्स, एफआयआरची प्रत, पोलिसांनी दिलेली नोटीस, दवाखान्याचे कागद, त्या दिवशी तुम्ही कुठं होतात याचा काही पुरावा असेल तर तो, असं सगळं एका पिशवीत घाला. आणि वकिलाला खरं सांगा. घरात बायकोपुढे, गावात सरपंचापुढे जे सांगितलं ते इथं चालत नाही. जी गोष्ट तुम्ही लपवली ती सरकारी वकील उलटतपासात काढतो, आणि तेव्हा तुमच्या वकिलाचं तोंड बघण्यासारखं होतं. वकीलपत्रावर सही करताना फी किती, त्यात काय काय आलं, हे तोंडावर विचारून घ्या. संकोचानं विचारायचं राहून गेलं की तिसऱ्या तारखेला भांडण होतं.

फी परवडत नसेल तर सरकारी खर्चानं वकील मिळतो, आणि तो उपकार नव्हे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग आणि कोठडीत असलेली व्यक्ती यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. बाकीच्यांसाठी महाराष्ट्रात वर्षाला तीन लाख रुपये उत्पन्नाची मर्यादा आहे. अर्ज जिल्हा न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुक्याच्या समितीकडे करायचा. १५१०० या नंबरवर फोन केला तरी माहिती मिळते. ‘फुकटचा वकील लक्ष देत नाही’ असं गावात हमखास ऐकायला मिळतं. मला ते सरसकट पटत नाही. पैसे घेऊन लक्ष न देणारेही थोडे नाहीत.

सगळ्यात जास्त धावपळ होते ती जामिनाची. गुन्हा जामीनपात्र असेल तर जामीन हा तुमचा हक्क आहे, न्यायालयाच्या मर्जीचा प्रश्न तिथं येत नाही. अजामीनपात्र असेल तर अर्ज, सरकारी वकिलाचं म्हणणं आणि मग आदेश. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा असेल, तपासात पोलिसांनी अटक न करता नुसती नोटीस दिली असेल आणि तुम्ही तपासाला हजर राहिला असाल, तर दोषारोपपत्रानंतर समन्सवर हजर होणाऱ्याला आत टाकायची गरज नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२२ साली सतेंद्रकुमार अंतिल प्रकरणात सांगितलंय. वकिलाला ते माहीत असतंच. तुम्हालाही असू द्या, म्हणजे आदल्या रात्री झोप लागेल.

जामीन मंजूर झाला तरी घरी जायला जामीनदार लागतो, आणि इथं माणसं अडकतात. आदेश दुपारी तीनला होतो. जामीनदार सेलूहून निघालेला असतो आणि त्याचा सातबारा तीन वर्षांपूर्वीचा निघतो. म्हणून जामीनदार आधीच ठरवा. त्यानं नवा सातबारा आणि आठ-अ, आधार कार्ड, रेशन कार्ड, दोन-चार फोटो आणि त्यांच्या झेरॉक्स घेऊन तुमच्यासोबतच यायचं. काही न्यायालयं तहसीलदाराचं ऐपत प्रमाणपत्रही मागतात. ते एका दिवसात मिळत नाही, तेव्हा वकिलाला आठवडाभर आधी विचारा. जमीन चार भावांच्या सामाईक खात्यात असेल तर तेही आधी सांगा, साहेबांपुढे उघड होण्यापेक्षा ते बरं.

जामीनदाराला नीट समजावून आणा. त्यानं नुसती सही द्यायची नसते. तुम्ही तारखेला आला नाहीत तर बाँडची रक्कम त्याच्याकडून वसूल होऊ शकते. मेहुण्याला ‘फक्त अंगठा दे’ म्हणून आणलं आणि दोन वर्षांनी त्याच्या घरी वसुलीची नोटीस गेली, तर ते नातं सांधत नाही. न्यायालयाच्या आवारात पैसे घेऊन जामीन राहणारे लोक भेटतात. त्यांच्या कागदांत खोट निघाली तर तुमच्यावरच नवा गुन्हा उभा राहतो. जामीनदार मिळतच नसेल तर वकिलामार्फत रोख रक्कम भरण्याची किंवा नुसत्या जातमुचलक्यावर सोडण्याची विनंती करता येते.

या विनंतीमागे मध्य प्रदेशातल्या एका गवंड्याची गोष्ट आहे. त्याचं नाव मोतीराम. सर्वोच्च न्यायालयानं त्याला जामीन दिला, पण खालच्या दंडाधिकाऱ्यांनी दहा हजारांचा जामीनदार मागितला. त्याचा भाऊ जामीन राहायला तयार होता, तर तो दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून नाकारला. १९७८ साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी दंडाधिकाऱ्यांना चांगलंच सुनावलं आणि मोतीरामला एक हजाराच्या जातमुचलक्यावर सोडायला लावलं. तुमचा जामीनदार नांदेडचा किंवा हिंगोलीचा आहे एवढ्यावरून कुणी त्याला परत पाठवत असेल तर वकिलाला या नावाची आठवण करून द्या.

तारखेच्या दिवशी लवकर निघा. जिंतूरला रेल्वे नाही, म्हणजे सगळा भार एसटीवर. पावसाळ्यात पुलावरून पाणी गेलं की पालमचा माणूस गंगाखेडलाच अडकतो. कामकाज अकराच्या सुमाराला सुरू होतं, पण साडेदहाला आवारात असा. कपडे स्वच्छ आणि साधे असू द्या, रोज नेसता-घालता तेच. नवं सफारी शिवायची गरज नाही. डोक्याला रुमाल असेल तर आत जाताना काढा. तंबाखू बाहेर थुंकून या. मोबाईल बंद करा. गप्प ठेवलेला मोबाईलही टेबलावर थरथरतो आणि साहेब वर बघतात.

भिंतीवर किंवा फळ्यावर त्या दिवसाचा बोर्ड लागलेला असतो, म्हणजे त्या दिवशीच्या केसेसची यादी. त्यात आपला नंबर कुठं आहे ते बघा. एक गोष्ट सांगतो. जिंतूरकडचे एक म्हातारे गृहस्थ नऊ वाजताच येऊन न्यायालयासमोरच्या लिंबाखाली बसले होते. भाकरी सोडली, खाल्ली, वाट बघत राहिले. त्यांच्या न्यायाधीशांची त्या दिवशी रजा होती आणि केसेस शेजारच्या कोर्टाकडे गेल्या होत्या. तिथं शिपायानं पुकारा केला तो एफआयआरमधल्या नावानं, आडनाव आधी आणि नाव नंतर. गावात मात्र त्यांना सगळे बापूच म्हणायचे. तीनदा पुकारा झाला तरी कुणी उठलं नाही, आणि वॉरंट निघालं. दुपारी मी शोधत बाहेर आलो तेव्हा बापू हात धुवत होते. न्यायाधीश उठायच्या आत त्यांना समोर उभं केलं, अर्ज दिला, वॉरंट रद्द झालं. पण सगळ्यांचं नशीब बापूंसारखं नसतं. म्हणून कागदावर तुमचं नाव कसं लिहिलंय ते पाठ करा, दरवाज्याजवळच राहा, आणि चहाला जायचं असेल तर वकिलाला किंवा त्यांच्या कारकुनाला सांगून जा.

पुकारा झाला की आत जाऊन आरोपीसाठी ठेवलेल्या जागी उभं राहायचं. न्यायाधीशांना साहेब म्हटलं तरी चालतं, न्यायाधीश बाई असतील तर मॅडम. हात जोडून रडायची किंवा फिर्यादीकडे बघून दात खायची काहीच गरज नाही. पहिल्या एक-दोन तारखांना फार काही घडत नाही. दोषारोपपत्राची आणि सोबतच्या कागदांची प्रत तुम्हाला फुकट मिळायला हवी, आणि नव्या कायद्यानुसार हजर झाल्यापासून चौदा दिवसांच्या आत. ती घ्या आणि जपून ठेवा. ती वाचल्याशिवाय पुढचं पाऊल टाकायचं नाही.

पुढे कधीतरी न्यायाधीश आरोप वाचून दाखवतात आणि विचारतात, ‘गुन्हा कबूल आहे का?’ या प्रश्नावर माणसं सगळ्यात जास्त फसतात. कुणीतरी कानात सांगतं, ‘हो म्हण, पाचशे रुपये दंड भर, मोकळा हो, कापूस वेचायला जायचंय.’ दंड भरून संध्याकाळी घरी येता हे खरं. पण त्या ‘हो’चा अर्थ दोषसिद्धी असा होतो. मुलगा पोलीस भरतीला जातो, पडताळणी होते आणि तो कागद वर येतो. पासपोर्टच्या वेळी येतो. आणि स्वतः कबुली दिल्यावर शिक्षा झाली तर त्या दोषसिद्धीविरुद्ध अपील नसतं, फार तर शिक्षा किती किंवा कायदेशीर की नाही एवढ्यापुरतं. खरंच कबूल करायचं असेल तर जरूर करा, पण बस पकडायची घाई हे त्याचं कारण असू नये. फिर्यादीशी तडजोड झाली असेल तर वेगळा रस्ता आहे. अनेक किरकोळ गुन्हे कायद्यानंच आपसात मिटवता येतात, लोकन्यायालयातही.

प्रश्न कळला नाही तर ‘साहेब, समजलं नाही’ असं सरळ म्हणा. आपल्या जिल्ह्यात घरी उर्दू बोलणारे पुष्कळ, तांड्यावरच्या आयाबाया गोरमाटीत बोलतात. कोर्टातली मराठी त्यांना सावकाश समजावून मागता येते. न समजता मान डोलावली की तीच मान रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या नोंदीत, होकार म्हणून लिहिली जाते. गंमत अशी की वकील, जामीन, मुचलका, तारीख, हजर हे शब्द फारसी-अरबीतून आले, निजामाच्या अमलात मराठवाड्याच्या अंगवळणी पडले आणि आज तांड्यावरही कळतात. त्या मानानं आपली नवी ‘दोषारोप निश्चिती’ कुणालाच कळत नाही.

आता त्या लोकांबद्दल, ज्यांच्याकडे कायद्याच्या पुस्तकात फारसं लक्ष जात नाही. गंगाखेड, पालमच्या बालाघाटाकडच्या वाड्या-तांड्यांवरून दिवाळीच्या आसपास बैलगाड्या आणि ट्रॅक्टर ऊसतोडीला निघतात. माणसं कारखान्यावर, घरात म्हातारी एकटी. तारीख जानेवारीत लागते. मुकादमाची उचल घेतलेली, कोयता टाकून यायचं म्हणजे दोन दिवसांची हजेरी बुडते आणि वर तिकिटाचा खर्च. म्हणून येत नाहीत. पहिल्या वेळी न्यायालय बहुधा जामीनपात्र वॉरंट काढतं, नंतर अजामीनपात्र, म्हणजे गावात ज्याला पकड वॉरंट म्हणतात ते. मार्चअखेर फडावरून परत आलेल्या माणसाला पोलीस रात्री उचलतात, आणि मूळ भांडण कधीचंच मिटलेलं असतं. भर म्हणजे जामिनावर सुटलेला माणूस योग्य कारणाशिवाय हजर राहिला नाही तर तो आता भारतीय न्याय संहितेच्या कलम २६९ खाली वेगळा गुन्हा होतो, एक वर्षापर्यंतच्या कैदेचा.

यावर उपाय आहेत, पण ते गाडी जुंपण्याआधी करायचे. कारखान्याला जायच्या आधी वकिलाला भेटा आणि कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत नसणार ते सांगा. एकेका तारखेसाठी हजेरी माफीचा अर्ज देता येतो. किरकोळ खटल्यात सगळ्याच तारखांना वकिलामार्फत हजर राहण्याची परवानगीही मागता येते, नव्या संहितेच्या कलम २२८ मध्ये तशी सोय आहे. मुकादमाकडून कामाचा एखादा लेखी कागद मिळाला तर अर्जाला जोडा. आजारी असाल तर डॉक्टरचं सर्टिफिकेट, घरात मयत झाली असेल तर तसा दाखला. अर्ज तारखेच्या दिवशी न्यायाधीशांपुढे जायला हवा, दुसऱ्या दिवशी नेऊन उपयोग नाही. आणि अर्ज दिला म्हणजे माफी मिळालीच असं धरू नका. संध्याकाळी वकिलाला फोन करून आदेश काय झाला ते विचारा. वॉरंट निघाल्याचं कळलं तर पोलिसांची वाट बघू नका. वकिलाला घेऊन स्वतः न्यायालयात जा आणि रद्द करण्याचा अर्ज द्या. जो चालत येतो त्याच्याकडे न्यायाधीश एका नजरेनं बघतात, जो पोलिसांच्या गाडीतून उतरतो त्याच्याकडे दुसऱ्या.

अटक होऊन पहिल्यांदाच न्यायालयापुढे नेलं जात असेल तर आणखी एक गोष्ट. चोवीस तासांच्या आत, प्रवासाचा वेळ सोडून, दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करणं पोलिसांवर बंधनकारक आहे. तिथं न्यायाधीश बहुधा विचारतात, ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?’ मारलं असेल तर तिथंच सांगा, अंगावरचे वळ तिथंच दाखवा आणि वैद्यकीय तपासणी मागा. शेजारी हवालदार उभा असतो म्हणून माणसं ‘नाही साहेब’ म्हणतात. डिसेंबर २०२४ मध्ये संविधानाच्या प्रतिकृतीच्या विटंबनेनंतर परभणीत धरपकड झाली आणि त्यातल्या एका तरुणाचा न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. ते प्रकरण उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठापुढे गेलं. अशा प्रकरणांत पहिल्या हजेरीला काय सांगितलं आणि रोजनाम्यात काय लिहिलं गेलं, हे फार महत्त्वाचं ठरतं. घरच्यांनी त्या पहिल्या हजेरीला न्यायालयात असावं.

साक्षीदार म्हणून जात असाल तर भिण्यासारखं काही नाही. जे पाहिलं तेवढं सांगा, आठवत नसेल तर आठवत नाही म्हणा. साक्षीसाठी येण्या-जाण्याचा भत्ता मागता येतो, तो मागा. आरोपी असाल तर मात्र साक्षीदारांच्या घराच्या आसपासही फिरकू नका. लग्नात समोरासमोर आलात तर रामराम घालून पुढे व्हा. ‘बघ बाबा, काय ते सांभाळून घे’ एवढं एक वाक्य जामीन रद्द व्हायला पुरतं. ‘साहेबांशी ओळख आहे, सेटिंग करून देतो’ म्हणणारा भेटला तर त्याच्या हाती दहा रुपयेही देऊ नका. तुमच्या बाजूनं निकाल लागला तर तो म्हणणार मी केलं, विरुद्ध गेला तर फोन उचलणार नाही.

काम संपलं, तारीख पडली की माणसं एसटी पकडायला पळतात. पळू नका. पुढची तारीख कारकुनाकडून किंवा वकिलाकडून नीट ऐकून घ्या, फाइलवर लिहा आणि घरी गेल्यावर भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या दिवसाला गोल करा. दुधाच्या हिशेबाशेजारी, सगळ्यांना दिसेल असा.